वाट कुणाची, ते आधी विचार

इस्लामपूर

चि. सोनूस,


तू पाठवलेला मे महिन्याचा कार्यक्रम सावकाश वाचला. डेहराडून, शिवालिकच्या रांगा आणि तिथून वर चक्रात्याच्या अंगाला जौनसारमधली गावं. चाल झेपेल अशी आहे, खर्चही बेताचा आहे. जा तू. तुझ्या बाबांची समजूत मी घालते. पण त्या कागदावर चौथ्या दिवसापुढे एक ओळ आहे : ‘आदिवासी गावाला भेट, स्थानिक जेवण, लोकनृत्य, फोटो.’ हे पत्र त्या ओळीसाठी आहे.

डोंगरात आपण जिला ट्रेकची वाट म्हणतो, ती कुणीतरी कामासाठी पाडलेली असते. पाण्याला जायला, म्हशी चारायला, बाजाराला, लेकीच्या सासरी, आजाऱ्याला खाली न्यायला. ती पावलं पिढ्यान्‌पिढ्या पडली म्हणून आज तुला तिथून चालता येतं. तेव्हा कुठल्याही डोंगरात शिरताना आधी विचार, की ही वाट कुणाची आणि ते लोक आज तिच्यावरून मोकळेपणानं चालू शकतात का. गाव ‘बघणं’ आणि गावात जाणं यातला फरक या एका प्रश्नानं पडतो असं मला इतकी वर्षं भूगोल शिकवून आणि डोंगर हिंडून वाटतं.

हिमालयाच्या आधी घरच्या डोंगरात ये. पेठेवरून शिराळा, मग कोकरूड, चरण, आरळा आणि वारणावती. एसटीनं सकाळी निघालीस तर दुपारच्या आत तू सह्याद्रीच्या पायथ्याला असतेस. तिथून वर, शिराळा, पाटण आणि शाहूवाडी या तालुक्यांच्या डोंगरांत, गवळी धनगरांचे वाडे आहेत. आपल्या माणदेशात मेंढरं घेऊन हिंडणारे धनगर तू पाहिलेत, व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचलीस. गवळी धनगर त्यांच्याहून वेगळे. यांची सगळी मदार म्हशींवर. मुसळधार पावसाच्या, जांभ्या दगडाच्या सड्यांवर, दाट रानाच्या कडेला चार-दहा घरांचा वाडा. बऱ्याच घरांत माणसं आणि जनावरं एकाच छपराखाली, मध्ये कुडाची भिंत. उताराला नाचणी आणि वरी. दूध खाली पोचेपर्यंत नासायचं, म्हणून त्याचं लोणी-तूप करून बाजारी न्यायचं आणि येताना धान्य, मीठ, कापड आणायचं, हा जुना रिवाज.

माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी या लोकांचा अभ्यास १९८२ मध्ये प्रसिद्ध केला. तो मी वर्गात दरवर्षी सांगायची. खोऱ्यात आणि खालच्या उतारांवर कुणबी, त्यांची भातशेती आणि शिकार. वरच्या माथ्यावर गवळी धनगर, त्यांच्या म्हशी आणि दूधदुभतं. एकाच डोंगरावर दोन समाज, पण एकमेकांच्या पोटावर पाय न देता राहिलेले, कारण प्रत्येकाची उंची आणि उपजीविका वेगळी आणि मधे तूप-धान्याची देवाणघेवाण. म्हणजे माथ्यावरून खोऱ्यात उतरणारी पायवाट ही त्या सगळ्या व्यवहाराची शीर होती. एकदा अशाच एका उतारावर मी सोबतच्या बाईंना म्हटलं, किती सुंदर वाट आहे. डोक्यावर भारा घेतलेल्या त्या बाई थांबून म्हणाल्या, “ही आमची तुपाची वाट. माझ्या सासूनं हितनं तूप वाहून लेकरं वाढवली.” त्यानंतर मला त्या उताराचा नुसता फोटो काढवला नाही. त्यांच्याकडून वळणावळणाची नावं विचारून घेत मी खाली आले.

आता दुसरा प्रश्न, वाट मोकळी आहे का. याच डोंगरातलं चांदोलीचं जंगल १९८५ मध्ये अभयारण्य झालं, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान, २०१० मध्ये कोयनेसह सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, त्यात चांदोली आणि कोयना दोन्ही आहेत. जंगल वाचलं पाहिजे, याबद्दल माझ्या मनात तसूभरही शंका नाही. गवा, अस्वल, शेकरू, ती घनदाट देवरानं, वारणेचा उगम, हे सगळं राखायलाच हवं. पण या ३१७ चौरस किलोमीटरच्या उद्यानात गावं होती. झोळंबी, निवळे, गोठणे, रुंदीव ही नावं आता नकाशावर सड्यांची आणि पाणवठ्यांची म्हणून येतात. तिथली माणसं खाली सपाटीवर वसवली गेली. काही वारणा धरणापायी उठली, काही अभयारण्यापायी. ज्यांचा देव वर राहिला त्यांना त्याच्या पायरीपर्यंत जायला आज वनखात्याची परवानगी लागते. तू मात्र पर्यटक म्हणून शुल्क भरून गाडीनं आत जाऊ शकतेस. चुकीचं काही करत नाहीस तू, पण आत जाताना हे ठाऊक असू दे.

आणि आपण इस्लामपूरकरांनी तर हे अधिकच ठाऊक ठेवावं. वारणा धरणात ३४ टीएमसी पाणी साठतं. वारणेकाठच्या आपल्या तालुक्यातल्या उसाला त्या पाण्याचा आधार आहे. तुझ्या आजोबांनी ज्या उसावर घर बांधलं, त्याच्या वरच्या टोकाला कुणाची तरी भातखाचरं पाण्याखाली गेली आहेत. धरणग्रस्तांचा लढा आपल्याच तालुक्यातून उभा राहिला. वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी, कासेगावचे भारत पाटणकर आणि त्यांचं श्रमिक मुक्ती दल यांनी या माणसांची बाजू वर्षानुवर्षं लावून धरली. डोंगरातल्या एखाद्या म्हाताऱ्यानं तुला विचारलं, ‘कुठल्या गावच्या?’ तर इस्लामपूर म्हणून सांग आणि मग तो जे बोलेल ते ऐकून घे. मध्ये उत्तर देऊ नकोस.

कासेगाव म्हटल्यावर गेल ऑमवेट आठवतात. अमेरिकेतून महाराष्ट्रातल्या ब्राह्मणेतर चळवळीचा अभ्यास करायला आलेली ही बाई इथलीच झाली. मराठी शिकली, मोर्च्यांत चालली, १९८३ मध्ये भारताची नागरिक झाली आणि २०२१ मध्ये कासेगावातच गेली. सगळ्यांनी आयुष्य वाहावं असं मी म्हणत नाही. पण परक्या मुलखातून आलेला माणूस इथे किती नीट रुजू शकतो, हे तिनं आपल्या अंगणात दाखवून दिलं आहे. तू तर फक्त आठ दिवस पाहुणी म्हणून जाणार आहेस. तेवढ्यापुरतं तरी तिच्यासारखं ऐकता येईल ना?

आता तुझ्या हिमालयाकडे वळते. शिवालिकमध्ये तुम्ही ज्या रानातून चालणार आहात, तिथे वन गुज्जर राहतात. आपल्या गवळी धनगरांचे ते लांबचे भाऊबंदच म्हणायला हवेत. तेही म्हशीवाले. हिवाळ्यात पायथ्याच्या रानात लाकूड-गवताच्या डेऱ्यांत राहायचं आणि उन्हाळा लागला की कुटुंबकबिला, म्हशी घेऊन वरच्या बुग्यालांकडे, म्हणजे उंचावरच्या कुरणांकडे निघायचं, हा त्यांचा शिरस्ता. राजाजीचं राष्ट्रीय उद्यान १९८३ मध्ये झालं, तेव्हापासून त्यांच्याही वाटेवर चौकी आली. तुम्ही मे महिन्यात जाताय. तेव्हा पुष्कळ डेरे रिकामे असतील. वाटाड्या म्हणेल, आत जा, फोटो काढा. जाऊ नकोस. मालक वर कुरणावर गेलाय, घर त्याचंच आहे. आपल्या वाड्याला कुलूप असताना कुणी कौलं सरकवून आत डोकावलं तर आपल्याला कसं वाटेल?

कायद्याची एक गोष्ट मुद्दाम सांगते, कारण तुझ्या वयाच्या मुलांना ती कुणी सांगत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्यानं रानात राहणाऱ्यांचे हक्क मान्य केले. पण अनुसूचित जमातीच्या यादीत नसलेल्यांना डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे वास्तव्य होतं हे सिद्ध करावं लागतं. महाराष्ट्रात धनगर भटक्या जमातींत मोडतात. गुज्जर हिमाचलात आणि जम्मू-काश्मिरात अनुसूचित जमातीत आहेत, उत्तराखंडात नाहीत. म्हणजे दोन्ही डोंगरांतल्या या म्हशीवाल्यांना तोच ७५ वर्षांचा पुरावा द्यायचा आहे, आणि पावसात-धुरात घरातला कागद टिकत नाही. नियमांत मात्र अशी सोय आहे, की गावातल्या वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले जबाब, जुनी चराऊ राने, पाणवठे, देवस्थानं, जुन्या घरांचे अवशेष हेही पुरावे धरले जातात. ज्या पाणवठ्याचं नाव म्हातारी तुला चालता चालता सांगते, ते नाव तिच्या घराच्या कामाचं असू शकतं. म्हणून वही ने. परवानगी विचारून नावं, कुणी काय सांगितलं ते, तारीख लिहून घे. आणि ती पानं तुझ्या कपाटात न राहता त्यांची एक प्रत त्या घरी, एक ग्रामसभेकडे पोचली पाहिजे. फोटोचंही तेच. काढलास तर कागदावर छापून पाठव.

हिमालयातल्याच आणखी दोन गावांची नावं लक्षात ठेव, रेणी आणि लाता. चमोली जिल्ह्यातली, तुझ्या वाटेपासून दूर. रेणीत १९७४ मध्ये गौरादेवी आणि गावातल्या बायका झाडांना बिलगल्या. आपल्याकडे १९३० मध्ये बिळाशीत जंगल सत्याग्रह झाला, त्याची आठवण व्हावी अशी ही गोष्ट. पुढे १९८२ मध्ये नंदादेवीचं राष्ट्रीय उद्यान झालं आणि ज्यांनी रान राखलं त्या भोटिया गावांनाच त्यातून बाहेर थांबावं लागलं. चराई गेली, गिर्यारोहकांबरोबर मिळणारं काम गेलं. तिथले लोक गप्प राहिले नाहीत. २००१ च्या ऑक्टोबरात लाता गावात जमून त्यांनी येणाऱ्या पर्यटकांसाठी आपला जाहीरनामा केला. पर्यटन आमच्या हातात असेल, बायकांना त्यात बरोबरीचा वाटा असेल आणि आमच्या संस्कृतीचा बाजार मांडला जाणार नाही, असा त्याचा आशय. तुम्हाला नेणाऱ्या कंपनीला विचार, की ज्या गावांत आपण राहणार तिथल्या ग्रामसभेनं काय ठरवलं आहे आणि माझ्या पैशातले किती त्या घरात पोचतात. उत्तर टाळलं तर दुसरी कंपनी बघ. या बाबतीत भिडस्तपणा नको.

जौनसारात गेलीस की देवदाराच्या लाकडाची, दगडी पाटीच्या छपरांची घरं बघून हरखशील. हनोलचा महासू देव हा त्या मुलखाचा राजाच मानला जातो, तिथे डोकं टेकव. जौनसारी १९६७ पासून अनुसूचित जमात आहेत. पूर्वी तिथे अनेक भावांची एक बायको अशी चाल होती, आणि वाटाडे ती गोष्ट पांडव-द्रौपदीशी जोडून रंगवून सांगतात. घरातल्या बायांना त्याबद्दल विचारू नकोस. कुणी आपणहून बोललं तर ऐक. तू मुलगी आहेस, म्हणून तुला चुलीपाशी बसायला मिळेल. तुझ्यासोबतच्या मुलांना ते मिळणार नाही. तिथे बसून आधी भाकरी थाप, भांडी घास, मग विचारपूस.

आणखी काही बारीकसारीक. वाड्यावर पाणी मागितलंस तर ताक देतील. नाही म्हणू नकोस, त्यांना ते लागतं. पैसे हातात कोंबू नकोस. जेवणाचं आधी ठरव आणि ठरलं तेवढं दे, तूप घेतलंस तर त्यांच्या भावानं घे, घासाघीस नको. जाण्याआधी फोन करून बाजारातून काय आणू ते विचार. चहापूड, गूळ, काडेपेटी, म्हाताऱ्यांच्या गोळ्या, असलंच काही सांगतील. पोरांना चॉकलेटं वाटू नयेत, त्यानं पोरं पुढच्या पाहुण्यामागं हात पसरून धावतात. आग्या मोहोळाच्या रानात अत्तर नको, धूर नको. गवा दिसला तर वाटेतून बाजूला हो, तो वाट सोडत नाही. गाभ्याच्या रानात परवानगीशिवाय आणि गावातल्या माणसाशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि त्या माणसाची मजुरी शहरातल्या वाटाड्याइतकीच द्यायची.

एक गोष्ट मात्र तुला कटाक्षानं टाळायला सांगते. ‘इथे रस्ता झाला नाही हे बरंच आहे, नाहीतर सगळं बिघडलं असतं,’ असं तिथे बसून कधी म्हणू नकोस. अडलेल्या बाईला झोळीत घालून चार गड्यांनी चिखलातून खाली आणायचं असतं तेव्हा त्या न झालेल्या रस्त्याची किंमत कळते. रस्ता हवा की नको, कुठून हवा, रान किती राहायला हवं, हे त्या वाड्यानं ठरवायचं आहे. आपल्याला फार तर विचारलं तर मत द्यायचा हक्क आहे.

तर आधी जानेवारीत ये. उद्यान पावसाळ्यात बंद असतं, जानेवारीत हवा कोरडी, वाटा घट्ट आणि सड्यांवरून लांबवर दिसतं. शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं पुण्याहून निघ, पहाटे पेठ नाक्यावर उतर, मी रिक्षा पाठवते. शनिवारी सकाळच्या एसटीनं आपण शिराळ्याला जाऊ. ओळखीचं एक घर मणदूरच्या वर आहे, त्यांना मी या आठवड्यात फोन करून विचारते की आम्ही दोघी दोन रात्री आलो तर चालेल का. त्यांचा होकार आला की तुला कळवते, तिकीट त्यानंतरच काढ.

तुझी,
आत्या