बुरशीचे विष आणि घरचे धान
कापणी झालेल्या धानाच्या कडपा बांधीत पसरलेल्या असताना अवकाळी पाऊस यावा, हे सालेकसा तालुक्यास नवे नाही. अशा ओल्या धानाचे पुंजणे घाईने रचले की आतील ऊब बुरशीस पोषक ठरते. बुरशीच्या काही जाती अफलाटॉक्सिन हे यकृतघातक विष निर्माण करतात. धान्य शिजवूनही ते नाहीसे होत नाही. १९७४ मध्ये गुजरातमधील पंचमहाल व राजस्थानातील बांसवाडा भागांत पावसात भिजून बुरसलेला मका खाल्ल्याने शंभरावर माणसे दगावली. शासकीय खरेदीत धानाला १७ टक्के ओलावा चालतो. घरच्या ढोलीसाठी मात्र तो १४ टक्क्यांहून अधिक नसावा. या फरकाकडे सहसा कोणी पाहत नाही. मळणीनंतर धान पुन्हा उन्हात वाळवावे, निवू द्यावे, मगच भरावे. बुरसलेले दाणे कोंबड्या-बदकांपुढेही टाकू नयेत. त्यांनाही हे विष बाधते.