मेलेल्या पाणपक्ष्याला हात लावू नका! बर्ड फ्लू माणसाला कसा होतो?



जानेवारी २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या उदगीरात कावळे अचानक मरून पडू लागले. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लू (एच५एन१) निघाला. उदगीर आपल्याला काही लांब नाही. थंडीत धरणा-तलावांवर बाहेरचे पक्षी उतरतात आणि पहाटे पाण्यावर सगळ्यात आधी जातो तो आपणच. म्हणून हे नीट समजून घ्या.

रोग येतो कसा?
हा विषाणू रानबदकं आणि पाणपक्ष्यांत फिरतो. काही बदकं आजारी न दिसताही विष्ठेतून तो पाण्यात सोडतात. थंड पाण्यात तो कित्येक दिवस टिकतो. तिथून घरच्या बदकं-कोंबड्यांना होतो आणि त्यांच्यापासून माणसाला. आजारी पक्षी धरताना, सोलताना, पिसं उपटताना हात भरतात, तोच हात डोळ्याला-नाकाला लागतो. वाळलेल्या विष्ठेची धूळही श्वासात जाते. माणसाला हा रोग सहजासहजी होत नाही, पण झाला तर जिवावर बेततो. २०२५ मध्येच आंध्रातल्या पालनाडू जिल्ह्यात दोन वर्षांची मुलगी याने दगावली. तिने कच्च्या चिकनचा तुकडा खाल्ला होता, असं घरच्यांनी सांगितलं.

मासळीचं काय?
माशांना हा रोग होत नाही. नीट शिजवलेली मासळी, चिकन, अंडी बिनधास्त खा. पण २०२१ च्या सुरुवातीला हिमाचलच्या पोंग धरणावर हजारो पक्षी मेले, तेव्हा आसपासच्या भागात कोंबडीबरोबर मासळीविक्रीही बंद केली होती. म्हणजे प्रश्न आपल्या पोटाचाही आहे. तरी बंदीच्या भीतीने मेलेले पक्षी लपवू नका. लपवलेला रोग आपल्याच खुराड्यात आणि लेकरांपर्यंत येतो.

एवढं करा :
• जाळ्यात मेलेला पक्षी आला तर उघड्या हाताने काढू नका. हातमोजे किंवा प्लास्टिक पिशवी वापरा, तोंडाला रुमाल बांधा, नंतर साबणाने हात धुवा.
• मेलेला पक्षी घरी आणू नका, कुत्र्या-मांजरांना टाकू नका.
• एकाच जागी बरेच पक्षी मेलेले दिसले तर लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा.
• मेलेल्या कोंबड्या किंवा ओलं कोंबडखत तळ्यात टाकू नका.
• पक्षी हाताळल्यावर दहा दिवसांत ताप, खोकला, दम लागणं किंवा डोळे लाल होणं असं काही झालं, तर डॉक्टरला "मी पक्षी हाताळला होता" हे आधी सांगा. औषध लवकर सुरू झालं तरच जास्त उपयोग होतो.

आपल्या बोटीवरच्या प्रत्येकाला हे वाचून दाखवा.