वाचेचे स्थान

इ. स. १८४० च्या सुमारास पॅरिस नगराजवळील बिसेत्र रुग्णालयात लबॉर्न नावाचा एक कारागीर दाखल झाला. त्याचे वय तिशीच्या घरात होते. त्याची वाचा गेली होती. काहीही विचारले, तरी 'तां, तां' एवढेच तो उच्चारी. म्हणून लोक त्याला 'तां' याच नावाने ओळखू लागले.

वर्षांमागून वर्षे लोटली. कालांतराने त्याचा उजवा हात व मागाहून उजवा पायही लुळा पडला. १८६१ च्या एप्रिल महिन्यात त्या पायाला गंभीर विकार झाल्यामुळे त्याला पॉल ब्रोका या शल्यवैद्याकडे आणण्यात आले. या माणसाची केवळ वाचाच गेली आहे, की वाचेबरोबर बुद्धीही गेली आहे, हे ब्रोकाला जाणून घ्यावयाचे होते. "येथे येऊन किती वर्षे झाली?" असे त्याने विचारले. लबॉर्नने डाव्या हाताची पाच बोटे चार वेळा उघडून दाखविली आणि मग एक बोट वर केले. एकवीस वर्षे! उत्तर अचूक होते. दुसऱ्या दिवशी ब्रोकाने तोच प्रश्न विचारला. उत्तरही तेच मिळाले. तिसऱ्यांदा विचारताच मात्र लबॉर्न संतापला. आपली परीक्षा पाहिली जात आहे, हे त्याने ओळखले होते.

१७ एप्रिल रोजी लबॉर्न मरण पावला. ब्रोकाने त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डाव्या बाजूचा, कपाळामागील काही भाग नष्ट झालेला आढळला.

मोठ्या मेंदूचे डावा व उजवा असे दोन गोलार्ध असतात आणि प्रत्येक गोलार्धाचे चार प्रमुख खंड मानतात. कपाळामागील ललाटखंड विचार, संयम, हालचाल व बोलणे यांचे नियमन करतो. डाव्या गोलार्धाचा अंमल उजव्या अंगावर चालतो. म्हणूनच लबॉर्नचे उजवे हातपाय लुळे पडले. माथ्याखालील पार्श्वखंडामुळे स्पर्शाचे व दिशेचे भान राहते. उजव्या पार्श्वखंडास इजा झालेला रुग्ण कधी कधी ताटाच्या डाव्या बाजूचे अन्न तसेच ठेवून उठतो. ते त्याच्या ध्यानातच येत नाही. कानशिलाजवळील शंखखंड श्रवण व स्मरण यांस साहाय्य करतो. मागील पश्चखंड दृष्टीचा आहे. त्यास मोठी इजा झाली, तर डोळे निर्दोष असूनही दिसत नाही.

१८७४ साली कार्ल वेर्निके या जर्मन वैद्याने निराळ्याच रुग्णांचे वर्णन केले. ते भराभर बोलत. परंतु त्या बोलण्यास अर्थ नसे व दुसऱ्याचे बोलणेही त्यांना उमगत नसे. त्यांची इजा डाव्या शंखखंडाच्या मागील भागात होती. बोलणे आणि समजणे या दोन निराळ्या शक्ती आहेत, हे यावरून स्पष्ट झाले. लबॉर्नचा मेंदू पॅरिसमध्ये जतन करून ठेवलेला आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत त्यातील इजा पृष्ठभागाखाली खोलवर गेलेली दिसली. वाचा एकाच बिंदूत वसत नाही. मेंदूच्या अनेक भागांच्या सहकार्याने ती चालते, असे आज मानले जाते.

पक्षाघाताने वाचा गेलेली वडीलधारी माणसे आजही अनेक घरांत असतात. त्यांच्यासमोर "यांना आता काही कळत नाही" असे बोलणारे लोकही असतात. अशा वेळी लबॉर्नची ती पाच बोटे आठवावीत. सावकाश बोलावे, मान हलवून उत्तर देता येईल असे प्रश्न विचारावेत आणि उत्तराची वाट पाहावी. ज्याची वाणी थांबली, त्याचे मन थांबलेले असतेच असे नाही.