बॅटरीची कात्री आणि डावा हात

डाळिंबाच्या छाटणीत बोट जातं ते बहुतेक वेळा डाव्या हाताचं. उजव्या हातात यंत्र असतं, त्यामुळे तो पात्याच्या मागे राहतो. फांदी वाकवणारा, काटे बाजूला सारणारा, बुडातला फुटवा ओढून धरणारा डावा हात मात्र पात्यासमोर येतो. (डावखुऱ्यांनी उलट वाचावं.) बॅटरीची कात्री विकणारा माणूस पातं केवढी जाड फांदी कापतं ते सांगतो, बॅटरी किती तास चालते ते सांगतो, दुसरी बॅटरी फुकट देतो. डाव्या हाताबद्दल अवाक्षर काढत नाही.

आमची बाग इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीच्या अंगाला. एके काळी हा पानमळ्यांचा मुलूख. आता डाळिंब, पेरू, ऊस, आणि बोरीकडे सरकलं की द्राक्षं. आंबे बहार धरायचा तर पाणी तोडून ताण द्यायचा, छाटणी उरकायची, पानगळ करायची आणि मग पहिलं पाणी. हे सगळं ठरलेल्या दिवसांत बसवावं लागतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत तालुक्यातल्या सगळ्यांनाच माणसं हवी असतात. त्यामुळे ही कात्री आली ती शौक म्हणून नाही. दिवसभर सिकेटर दाबून मनगट सुजलेली माणसं मी पाहिली आहेत, त्यांच्यासाठी ती खरोखर वरदान आहे. आमच्याकडे आजही ती चालते. यंत्र नकोच, असं म्हणणाऱ्यातला मी नाही.

पण साध्या सिकेटरमध्ये आणि तिच्यात एक फरक आहे, तो हाताळल्याशिवाय कळत नाही. सिकेटरला जोर आपलाच असतो. पातं चुकून बोटावर टेकलं तर कातडीला कळ पोचते आणि मूठ आपोआप सैल पडते. जखम होते, टाके पडतात, पण बोट राहतं. बॅटरीच्या कात्रीत आपण फक्त खटका दाबतो, जोर मोटरचा. अंगठ्याएवढी ओली फांदी जी मोटर न अडखळता तोडते तिला बोटाचं हाड म्हणजे काहीच नाही. कळ मेंदूपर्यंत पोचेतो पातं मिटून पुन्हा उघडलेलं असतं. त्यात स्वस्तातल्या बऱ्याच कात्र्या अशा, की खटक्याला नुसता स्पर्श झाला तरी पातं पूर्ण मिटतं. महागड्या कात्र्यांत खटका जेवढा दाबाल तेवढंच पातं चालतं. हा फरक डब्यावर ठळक छापलेला नसतो.

आमच्या बागेत घडलं ते असं. टोळीतला एक पोरगा, हात चलाख, कामाला वाघ. दुपारचं जेवण झालेलं, ऊन कलायला लागलेलं. झाडाच्या बुडातले पाणसोट काढायला तो वाकला. डाव्या हाताने सोट ओढून धरला, उजव्या हातातली कात्री खाली नेली. डाळिंबाच्या खोडाशी काट्यांची दाटी असते, त्यातला एक काटा बाहीत अडकला. त्याने हात झटकला. झटकताना डावा हात पात्याकडे गेला आणि उजव्या हाताचं बोट खटक्यावर दाबलं गेलं, दोन्ही एकाच दमात. मी शेजारच्या ओळीत होतो. नेहमीसारखाच ‘खट्’ झाला, फांदी तुटल्याचा असतो तोच. तो ओरडलाही नाही, नुसता हाताकडे बघत उभा राहिला. तर्जनीचं पेर खाली मातीत पडलं होतं.

त्यानंतरची दहा मिनिटं मला जास्त सांगायची आहेत, कारण पेर गेलं ते त्या दहा मिनिटांत. सगळे धावले. एकाने चुन्याची डबी काढली, एक बाई घरून हळद आणते म्हणाली, तिसऱ्याने सुतळीने बोट आवळायला घेतलं. कुणाला तरी कुठून तरी ऐकून माहीत होतं की तुटलेलं बोट बर्फात घालतात. रस्त्यावरच्या रसवंतीतून बर्फ आला आणि पेर तसंच उघडं त्या बर्फात खुपसलं. भावना चांगली, परिणाम वाईट. बर्फाला थेट टेकलेलं मांस गोठून मरतं. जवळच्या दवाखान्यात जखम धुऊन शिवली, तिथून दुसरीकडे पाठवलं, आणि तिथल्या डॉक्टरांनी पिशवी उघडून बघितली तेव्हा मान हलवली.

त्या डॉक्टरांनी मग शांतपणे जे समजावलं ते आता आमच्या शेडच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय. आधी माणूस बघायचा, बोट नंतर. स्वच्छ फडकं जखमेवर घट्ट दाबून धरायचं आणि हात छातीच्या वर उचलून ठेवायचा. सुतळी, तार, रबर काही आवळायचं नाही. हळद, चुना, तंबाखू, कॉफी यातलं काही जखमेत भरायचं नाही, शिवताना तेच सगळं खरवडून काढावं लागतं. हातात अंगठी असेल तर सूज यायच्या आत उतरवायची. तुटलेला भाग चोळायचा नाही, नुसता हलका धुवायचा, ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळायचा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचं आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवायची. बर्फ आणि बोट यांची गाठ पडता कामा नये. असं थंड राखलेलं बोट बारा तासही टिकू शकतं, उघड्यावर सहाच तास धरून चाला. पोटात काही द्यायचं नाही, चहासुद्धा नाही, कारण भूल द्यावी लागेल. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरायचं नाही.

आणि गाडी सुटायच्या आधी फोन. बोट जोडणं हे सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या जोडण्याचं काम आहे, ते प्रत्येक दवाखान्यात होत नाही. 108 ची गाडी बोलावलीत तरी त्या गाडीतल्या डॉक्टरांना विचारा, बोट जोडणारे सर्जन आज कुठे मिळतील. इंदापूरहून बारामती पन्नासेक किलोमीटर, पुणे महामार्गाने अडीच-तीन तास. एका जागेहून दुसऱ्या, दुसऱ्या जागेहून तिसऱ्या दारात फिरण्यात जो वेळ जातो तो यात मोजलेला नाही.

आता कात्री कशी धरायची ते. डावा हात पात्यापासून निदान वीतभर लांब, हा नियम सगळे सांगतात आणि तासाभरात सगळे मोडतात, कारण फांदी धरल्याशिवाय डाळिंब छाटताच येत नाही. आम्ही त्यावर आकडी काढली. बाभळीची किंवा निरगुडीची हातभर लांब, टोकाला वाक असलेली काठी. डाव्या हातात ती, फांदी तिनेच ओढायची. पहिल्या दिवशी टोळी हसली. आता आकडी नसेल तर तीच माणसं काम थांबवतात. बुडातले सोट मात्र बॅटरीच्या कात्रीने काढूच देत नाही, तिथे साधी सिकेटर. वाकलेल्या माणसाला आपला दुसरा हात दिसत नाही, अडचण तिथेच आहे. हातमोजे घालाच, पण ते काट्यांसाठी. पातं हातमोजा आणि बोट एकदमच कापतं. ढगळ हातमोजा आणि सुटी बाही तर उलट घात करतात.

एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना पातं मिटलेलं हवं. बहुतेक कात्र्यांत खटका थोडा वेळ दाबून धरला की पातं मिटून यंत्र झोपतं आणि दोनदा दाबला की जागं होतं. ही सोय आहे, पण उक्त्या कामात ती कुणी वापरत नाही. झाडामागे पैसे ठरले की प्रत्येक सेकंद माणसाला आपल्या खिशातून गेल्यासारखा वाटतो. म्हणून यंत्र हातात असलेल्या माणसाला मी रोजंदारीवर ठेवतो, बाकीची टोळी उक्ती असली तरी. थोडे पैसे जास्त जातात. दुपारी चारनंतर यंत्र बंद, हाही आमचा नियम. ‘दादा, अजून उजेड आहे की,’ असं रोज कुणीतरी म्हणतंच.

बोटापलीकडे हे यंत्र बागेलाही इजा करू शकतं. तेल्याचा जिवाणू पावसाच्या थेंबांतून, रोगट रोपांतून पसरतो तसाच छाटणीच्या हत्यारातूनही पसरतो. म्हणून सोलापूरचं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आणि कृषी विद्यापीठं हत्यार निर्जंतुक करत छाटा म्हणून सांगत आली आहेत, एक टक्का सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण वापरून. सिकेटर बादलीत बुचकळली की झालं. बॅटरीची कात्री बादलीत बुचकळता येत नाही, मग ती कुणी पुसतच नाही. शिवाय ती वेगाने चालते, म्हणजे रोगही त्याच वेगाने ओळीमागून ओळ फिरतो. टोळी काल कुणाच्या बागेत होती, तिथे काय होतं, हे विचारल्याशिवाय यंत्र बागेत घेऊ नका. रागावले तर रागावू देत.

पुसताना आधी बॅटरी काढायची. बटण बंद केलं एवढं पुरत नाही, बॅटरी काढून खिशात. कारण पातं पुसताना बोटं पात्यावरच असतात आणि कात्री मांडीवर टेकलेली असते, खटका कशानेही दाबला जाऊ शकतो. द्रावणात भिजवलेल्या फडक्याने पात्याच्या दोन्ही बाजू पुसा, संध्याकाळी साध्या पाण्याच्या फडक्याने पुसून तेलाचा हात द्या, नाहीतर हायपोक्लोराइट पोलाद खातं. निरोगी ओळी आधी छाटा. तेल्या दिसलेली झाडं शेवटी, साध्या सिकेटरने, आणि तो काडीकचरा बांधावर न टाकता जाळा. मोठ्या जखमांना बोर्डो पेस्ट, बागेला एक टक्का बोर्डोची फवारणी, हे तुम्हाला माहीतच आहे. द्राक्षवाल्यांना एक जादा सूचना. गोड छाटणीनंतर डोळ्यांना हायड्रोजन सायनामाइड लावायचं काम कापलेल्या हाताच्या माणसाला देऊ नका, आणि ते लावणाऱ्याने आदल्या दिवसापासून पुढचे काही दिवस दारूला शिवू नये. ते रसायन आणि दारू एकत्र आली की माणूस धापा टाकत आडवा होतो.

अलीकडे पोरं मोबाइलवर आणखी एक यंत्र दाखवतात. लांब दांडा, टोकाला थरथरणारा पंजा, पाठीला बॅटरी, आणि झाडाखाली अंथरलेल्या जाळीवर ऑलिव्हचा पाऊस. स्पेन-इटलीतलं. आपल्याकडे राजस्थानात इस्रायलच्या मदतीने ऑलिव्हच्या बागा लावल्या, बिकानेरजवळ लूणकरणसरला तेलाचा कारखानाही निघाला, तिथे त्याला काही अर्थ आहे. ऑलिव्ह लगेच घाण्यात चिरडायचंच असतं, त्याला चार खरचटे पडले तर कोण बघतो? आपलं डाळिंब सालीच्या तकाकीवर विकतं आणि देठ कापूनच उतरवावं लागतं. जांभळाला तो पंजा लावलात तर जाळीत लगदाच पडेल. बांधावरच्या चिंचेला चालेल कदाचित, पण आपल्या बांधावरच्या चिंचेवरूनच अकरा हजार व्होल्टची तार गेलेली असते. लांब दांड्याच्या बॅटरी करवतीलाही हेच लागू. दांडा ॲल्युमिनियमचा असो वा कार्बन फायबरचा, दोन्हींतून वीज वाहते, आणि तार जवळ आली तर ती टेकायचीही वाट बघत नाही. तारेखालचं झाड छाटायचं तर महावितरणकडून लाइन बंद करून घ्यायची, नाहीतर ते झाड तसंच राहू द्यायचं.

पैशाचं बोलायला हवं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत 10 ते 75 वर्षांच्या सातबाराधारकाला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला संरक्षण आहे. मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर 2 लाख, एक डोळा किंवा एक हात-पाय गेला तर 1 लाख, अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे. पण बोटाच्या पेराला त्यात काही नाही, आणि टोळीतल्या भूमिहीन पोराला तर मुळातच काही नाही. त्याचा खर्च बागवाल्याने करायचा की मुकादमाने, यावर आमच्याकडे चार दिवस वाद चालला. शेवटी आम्ही केला, आणि आता यंत्र चालवणाऱ्याची अपघात विम्याची पॉलिसी आधी बघतो. बँकेतली 20 रुपये वर्षाची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना तरी हवीच, पण तीही बोटाला उपयोगी नाही, हे त्याला तोंडावर सांगतो.

विकत घ्यायची झाली तर घाई न करता हातात धरून घ्या. जानेवारीत बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रात ‘कृषिक’ प्रदर्शन भरतं, तिथे प्रात्यक्षिकं बघायला मिळतात. विक्रेत्याला विचारा, खटका अर्धा दाबला तर पातं अर्धंच मिटतं का. करून दाखवायला लावा, काडी धरून. पात्याला हात लागल्यावर आपोआप थांबणारी कात्री आहे का, तेही विचारा. युरोपातल्या द्राक्षबागांत अशा कात्र्या वापरतात. आपल्याकडे मिळाली तर किंमत ऐकून घाम फुटेल, पण विचारणारे वाढले तर ठेवणारेही वाढतील. सुटं पातं, खटका आणि चार्जर बारामतीत किती दिवसांत मिळेल, ते बिलावर लिहून घ्या. बोथट पातं फांदीत अडकतं, आणि अडकलेलं पातं सोडवायला जो हात पुढे येतो तो डावाच असतो.