जालीम औषध की नेमके औषध?

शेतकरी मेळाव्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो : "साहेब, औषध जालीम असल्याशिवाय अळी मरणार कशी?" उग्र वास आला, फवारताना डोळे चुरचुरले की औषध चांगले, असा समज अजूनही पुष्कळ ठिकाणी आढळतो. हा समज चुकीचा आहेच. पण तो जिवावर बेतणाराही आहे. सन २०१७ च्या खरिपात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले.

अशा घटनांनंतर हातमोजे, मुखपट्टी, चष्मा वापरण्याच्या सूचना दिल्या जातात. त्या आवश्यकच आहेत. परंतु भाद्रपदातल्या उन्हात, छातीएवढ्या कपाशीत, पाठीवर पंप घेऊन हा सारा पोषाख दिवसभर अंगावर ठेवणे किती अवघड आहे, हे प्रत्यक्ष फवारणाऱ्यालाच माहीत. म्हणून मुळात औषधच कमी घातक का बनवू नये, असा विचार पुढे आला. या विचारालाच हरित रसायनशास्त्र म्हणतात.

हरित रसायनशास्त्र म्हणजे काय?

पॉल अनास्टस व जॉन वॉर्नर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९९८ साली या शास्त्राची १२ तत्त्वे मांडली. त्यांपैकी तीन तत्त्वे शेतकऱ्यांच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत : पदार्थ आपले काम करील पण विषारीपणा कमीत कमी असेल, अशी त्याची रचना करावी, काम संपल्यावर त्याचे निरुपद्रवी घटकांत विघटन व्हावे, आणि तो तयार करताना घातक कच्चा माल शक्यतो टाळावा.

तिसऱ्या तत्त्वाचे मोल भोपाळने दाखवून दिले. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री जो मिथाइल आयसोसायनेट वायू गळाला, तो कार्बारिल हे कीटकनाशक बनविण्यासाठी साठवलेला होता. जो पदार्थ साठवलाच नाही, तो गळण्याचा धोकाही राहत नाही.

नेम कशावर धरायचा?

मोनोक्रोटोफॉससारखी ऑरगॅनोफॉस्फेट गटातील औषधे मज्जासंस्थेतील एका विकरावर आघात करतात. हे विकर अळीच्या शरीरात असते, तसेच माणसाच्या, बैलाच्या आणि पाखराच्या शरीरातही असते. त्यामुळे जे अळीला मारते, तेच फवारणाऱ्यालाही मारू शकते.

आता अळीकडे पाहा. ती वाढताना वेळोवेळी कात टाकते. तिच्या कातडीत कायटिन नावाचा घटक असतो आणि कात टाकण्यासाठी विशिष्ट संप्रेरक लागते. माणूस कायटिन तयार करीत नाही व कातही टाकीत नाही. नेम येथे धरला, तर अळी मरते व माणसाला असलेला धोका पुष्कळ कमी होतो. डायफ्लुबेन्झुरॉन, ल्युफेन्युरॉन, नोव्हाल्युरॉन ही औषधे कायटिन तयार होऊ देत नाहीत. टेब्युफेनोझाइड हे कात टाकण्याच्या संप्रेरकाची नक्कल करते. त्यास १९९८ साली अमेरिकेत हरित रसायनशास्त्राचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. पुढच्याच वर्षी ते जमिनीतील जिवाणूपासून मिळणाऱ्या स्पिनोसॅडला देण्यात आले.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कातीवर काम करणाऱ्या औषधाने अळी लगेच टपकन पडत नाही. मरायला काही दिवस लागतात. "औषध लागू पडले नाही" असे समजून दुसऱ्याच दिवशी दुसरे औषध मारू नये. तसेच ही औषधे लहान अळ्यांवर अधिक परिणामकारक ठरतात. म्हणून फवारणी वेळेवर करावी.

टिकाऊपणा : गुण की दोष?

डीडीटी व एन्डोसल्फान फार काळ टिकत, हा पूर्वी त्यांचा गुण मानला जाई. तोच पुढे दोष ठरला. अंश जमिनीत व प्राण्यांच्या चरबीत साचत गेले. एन्डोसल्फानवर २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. याउलट निंबोळीतील ॲझाडिरॅक्टीन उन्हात लवकर विघटित होते. म्हणूनच निंबोळी अर्काची फवारणी सायंकाळी करावी.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

तंबाखूतील निकोटीन नैसर्गिकच आहे, तरी ते अतिशय विषारी असून कातडीतूनही भिनते. तंबाखूचा काढा उघड्या हातांनी हाताळू नये. स्पिनोसॅडचा ओला फवारा मधमाश्यांना घातक असतो. कायटिनवर काम करणारी औषधे रेशीम अळ्यांना, तसेच ओढ्यातील खेकडे व झिंग्यांनाही मारतात. त्यामुळे ती तुतीच्या बागेजवळ व पाण्याच्या कडेला वापरू नयेत.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१. डब्यावरील त्रिकोण पाहून खरेदी करावी. लाल सर्वांत विषारी. त्यानंतर पिवळा, निळा व हिरवा असा उतरता क्रम आहे. हा रंग विषबाधेचा धोका सांगतो, मधमाश्यांबद्दल काही सांगत नाही. त्यासाठी माहितीपत्रक वाचावे.

२. किडीने आर्थिक नुकसानीची पातळी ओलांडल्याशिवाय रासायनिक फवारणी करू नये. एकाच गटातील औषध पुनःपुन्हा वापरू नये. किडीत प्रतिकारशक्ती निर्माण होते.

३. सुरुवातीस ५ टक्के निंबोळी अर्क वापरावा. ५ किलो निंबोळीची भरड ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवावी. १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा वेगळा भिजवावा. सकाळी अर्क ढवळून फडक्यातून गाळावा, त्यात साबणाचे पाणी मिसळावे व एकूण द्रावण १०० लिटर करावे. ते त्याच दिवशी वापरावे.

४. शिफारस नसलेली औषधे एकत्र मिसळू नयेत. औषध सौम्य असले तरी हातमोजे व मुखपट्टी वापरावी आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारू नये.

पुढच्या वेळी दुकानात गेल्यावर "जालीम औषध द्या" असे म्हणू नका. "या अळीसाठी नेमके औषध कोणते आणि त्याचा त्रिकोण कोणत्या रंगाचा?" असे विचारा. पीक वाचवायचे आहेच. पण पंप पाठीवर घेणारा माणूस संध्याकाळी धडधाकट घरी परतला पाहिजे.