उताराची तालीम

अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, पॅसिफिक महासागर आणि सॅन फ्रान्सिस्कोचा उपसागर यांच्यामध्ये, जमिनीची एक चिंचोळी पट्टी उत्तरेकडे गेलेली आहे. तिच्या टोकावर सॅन फ्रान्सिस्को शहर वसले आहे. तीन बाजूंना पाणी आणि मध्ये टेकड्याच टेकड्या, असे त्याचे रूप. काही टेकड्यांची उंची तर २८० मीटरच्या घरात जाते. नगररचना करणाऱ्यांनी मात्र या टेकड्यांची फारशी पर्वा केली नाही. सपाट मैदानावर आखावेत तसे सरळ, काटकोनी रस्ते त्यांनी टेकड्यांवरून ओढले. घाटातला रस्ता डोंगराला वळसे घालीत, जणू त्याची समजूत काढीत वर चढतो. येथील रस्ता सरळ डोंगराच्या अंगावर चालून जातो.

एकोणिसाव्या शतकात अशा रस्त्यांवरून घोडे ट्राम ओढीत असत. असे सांगतात, की १८६९ साली एका ओल्या, निसरड्या चढावर घोड्यांचे पाय घसरले आणि जड गाडी त्या मुक्या जनावरांना फरफटत खाली घेऊन गेली. ते दृश्य अँड्र्यू हॅलिडी नावाच्या गृहस्थाने पाहिले. पोलादी तारांचे दोर तयार करणे हा त्याचा व्यवसाय होता. १८७३ साली त्याने क्ले स्ट्रीटच्या चढावर केबल कार चालवून दाखविली. रस्त्याखालून एक पोलादी दोर अखंड फिरत असतो. गाडी त्याला चिमट्याने घट्ट पकडते व त्याच्याबरोबर वर जाते. पण या युक्तीची खरी मौज उतारावर आहे. उतरतानाही गाडी दोर धरून ठेवते. दोराचा वेग ताशी सुमारे १५ किलोमीटर. त्यामुळे गाडीला त्याहून अधिक धावताच येत नाही. जो दोर चढावर ओढतो, तोच उतारावर आवरून धरतो. या गाड्या आजही तेथे चालतात.

याच शहरात १९७७ साली मॅरेथॉन शर्यत सुरू झाली. मॅरेथॉन म्हणजे ४२ किलोमीटर १९५ मीटर धावणे. एवढे अंतर सपाटीवर धावणेही सोपे नाही. येथे तर धावपटूला चढ आहेत, उतार आहेत, आणि हाती दोर मात्र नाही. वर ओढण्याचे आणि खाली आवरण्याचे, दोन्ही कामे त्याच्याच पायांनी करावयाची असतात.

शर्यत आजवर बहुधा जुलै महिन्यात भरत आली आहे. जुलै हा तेथे उन्हाळ्याचा महिना. तरीही पहाटे हवेचे तापमान १२-१३ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. याचे कारण समुद्रात आहे. या किनाऱ्याजवळून थंड पाण्याचा प्रवाह वाहतो. समुद्रावरची दमट हवा त्या पाण्यावरून येताना गार होते आणि तिचे धुके बनते. आतल्या खोऱ्यांत ऊन तापले, की तेथील हवा हलकी होऊन वर जाते व तिची जागा घेण्यास हे धुके शहरात शिरते. लांब पल्ल्याच्या धावपटूला अशी हवा वरदानासारखी असते. धावताना स्नायू जी शक्ती खर्च करतात, तिचा सुमारे चौथा हिस्साच धावण्याच्या कामी येतो. उरलेल्या शक्तीची उष्णता होते. ती उष्णता गार हवा मुकाट्याने काढून नेते.

परंतु या वरदानात थोडी फसवणूकही आहे. वाऱ्याने घाम लगोलग वाळतो, तहान जाणवत नाही, आणि शरीरातील पाणी कमी होत चालल्याचा पत्ता लागत नाही. याच्या उलट, भीतीपोटी प्रत्येक ठिकाणी पोटभर पाणी पिणे हेही घातक आहे. रक्तातील मिठाचे प्रमाण त्यामुळे घटते आणि धावपटू भोवळ येऊन पडू शकतो. क्वचित प्राणावरही बेतते. म्हणून आपल्याला किती घाम येतो, किती पाणी लागते, याचा अंदाज शहाणा धावपटू सरावाच्या दिवसांतच घेऊन ठेवतो.

तयारीला साधारण चार महिने लागतात. आरंभी बोलत बोलत धावता येईल इतक्याच वेगाने धावावयाचे, आणि आठवड्यातून एक दिवस लांबचा पल्ला ठेवावयाचा. हा पल्ला हळूहळू वाढवीत ३० किलोमीटरपर्यंत नेतात. याला कारण आहे. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेन नावाच्या साखरेचा जो साठा असतो, तो जोराने धावणाऱ्याला सुमारे ३० किलोमीटर पुरतो. पुढे पाय एकाएकी शिशासारखे जड होतात. ज्याने लांब पल्ल्याचा सराव केला आहे, त्याचे शरीर साखरेबरोबर चरबीही जाळावयास शिकलेले असते. शिवाय वाटेत थोडे गोड खात राहण्याची त्याने सवय केलेली असते.

चढाचा सराव धावपटू मोठ्या हौसेने करतात. एक-दोन मिनिटांचा चढ निवडावयाचा, तो जोमाने चढावयाचा, चालत खाली यावयाचे आणि पुन्हा चढावयाचे, असे सहा-आठ वेळा. यात धाप लागते, छाती धडधडते, आणि आपण काही पराक्रम केला असे वाटते. यात पोटऱ्या बळकट होतात हे खरे. पण चालत खाली येण्यात अर्धा धडा वाचावयाचा राहून जातो.

उतारावर काय घडते ते पाहण्यासाठी खुर्चीवर अगदी सावकाश, हातांचा आधार न घेता बसून पाहावे. मांडीच्या पुढच्या बाजूचा स्नायू ताठ झालेला हाताला लागतो. तो ताठही असतो आणि त्याच वेळी ताणलाही जात असतो. शरीराला खाली पडू न देता हळूहळू सोडत असतो. उतारावर धावताना प्रत्येक पावलाला मांडी हेच काम करते, आणि तेही कितीतरी अधिक जोराने. केबल कारचा दोर तो हाच! या ताणाने स्नायूंतील तंतू सूक्ष्मपणे फाटतात. गंमत अशी, की त्या वेळी काहीच कळत नाही. उतारावर दम लागत नाही, वारा कानांत घुमतो, आणि आपण उडत आहोत असे वाटते. किंमत मोजावी लागते ती पुढच्या दहा-पंधरा किलोमीटरांत, आणि नंतर कित्येक दिवस.

पण याच स्नायूंना निसर्गाने एक विलक्षण गुण दिला आहे. एकदा अशा श्रमाने दुखावलेला स्नायू बरा होताना अधिक सावध होतो. पुढील काही आठवडे तेच श्रम पडले, तर तो पहिल्याइतका दुखावत नाही. म्हणून शर्यतीच्या आधी काही आठवडे धावपटूने उतारावर मुद्दाम धावले पाहिजे. प्रथम मंद उतार, थोडे अंतर, मग अधिक. पाऊल आखूड टाकावे, गुडघा किंचित वाकलेला असावा, आणि भीतीने मागे रेलू नये. मागे रेलले, की टाच आपटते आणि प्रत्येक हिसका गुडघ्याला बसतो. शेवटच्या दोन आठवड्यांत मात्र उतारही थांबवावा आणि अंतरही कमी करावे. धावण्याची गोडी लागलेल्या माणसाला ही विश्रांती फार जड जाते. कित्येकांची शर्यत याच दिवसांत, अधीरपणामुळे, धावण्याआधीच हातची जाते.

शर्यतीच्या दिवशी अंधार असतानाच हजारो धावपटू उपसागराच्या काठी जमतात. जुना सदरा किंवा कागदी अंगरखा पांघरून ते कुडकुडत उभे असतात. पहिले काही किलोमीटर वाट पाण्याच्या कडेने सपाट जाते. मग गोल्डन गेट पुलाकडे चढ लागतो. १९३७ साली खुला झालेला हा पूल पाण्यापासून सुमारे ६७ मीटर उंचीवर आहे. येथे नवखा धावपटू घड्याळाकडे पाहतो आणि वेग कमी होऊ नये म्हणून जोर करतो. अनुभवी धावपटू श्वासाकडे लक्ष ठेवतो. श्वास पूर्वीसारखाच ठेवून वेग खुशाल कमी होऊ देतो. दहा मीटर अंतरात एक मीटर चढणारा रस्ता सपाटीच्या दीडपटीहून अधिक शक्ती घेतो, आणि तेवढाच उतार त्यातील सगळी काही परत करीत नाही. या व्यवहारात थोडी तूट यावयाचीच.

पुलावर समुद्राचा वारा बाजूने येऊन आदळतो. कधी धुके इतके दाट असते, की पुलाचे लाल मनोरे अर्धेच दिसतात. पूल ओलांडून, पुन्हा त्यावरूनच परत येऊन, वाट गोल्डन गेट उद्यानात शिरते. एके काळी तेथे नुसते वाळूचे ढीग होते. उद्यानापुढे शहर ओलांडून पुन्हा उपसागराच्या दिशेने उतरावयाचे असते. पूर्वेकडच्या या भागात धुके पातळ होते आणि ऊन अंगावर येते. सकाळी ज्यांनी उतारांवर स्वतःला मोकळे सोडले होते, त्यांच्या मांड्या आता थरथरू लागतात. उतार समोर दिसतो आणि धावता येत नाही! कोणी पायऱ्या उतरावे तसे एकेक पाऊल टाकतो, कोणी कठड्याला धरून उभा राहतो. त्यांच्या शेजारून एखादा साधारण दिसणारा, पांढऱ्या केसांचा धावपटू आखूड पावले टाकीत निघून जातो. त्याने कदाचित एकही चढ कोणाच्या पुढे राहून चढलेला नसतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातील जिन्यांवर पाहुणे धावपटू सहज ओळखू येतात. कठडा धरून, तोंड वर करून, ते उलट्या पावलांनी जिना उतरत असतात. ज्यांना तेवढेही जमत नाही ते टेकडीच्या माथ्यावर केबल कारची वाट पाहत उभे राहतात.