वनस्पतिजन्य आहार आणि डाळीचे अर्थशास्त्र

भारत हा शाकाहारी लोकांचा देश आहे, असे विधान निबंधाच्या उत्तरपत्रिकांत वारंवार आढळते. आकडेवारी त्यास दुजोरा देत नाही. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०१४ मधील पायाभूत सर्वेक्षणानुसार पंधरा वर्षे व त्यावरील वयाचे सुमारे ७१ टक्के भारतीय मांसाहारी आहेत. राजस्थानात शाकाहारींचे प्रमाण ७५ टक्क्यांच्या घरात, महाराष्ट्रात ४० टक्के, तर तेलंगण व पश्चिम बंगालमध्ये दोन टक्क्यांहूनही कमी आढळले. मात्र मांसाहारी म्हणून नोंद झालेल्या बहुसंख्य कुटुंबांतही मांस, मासे वा अंडी हा रोजचा जिन्नस नसतो. ओळख कोणतीही असो, रोजचे ताट प्रामुख्याने वनस्पतिजन्यच असते. म्हणूनच वनस्पतिजन्य आहाराशी जुळवून घेण्याचा प्रश्न पाश्चात्त्य देशांत ‘काय सोडावे’ असा विचारला जातो, तर आपल्याकडे तो ‘काय परवडते’ असा विचारावा लागतो.

प्रथम थोडे गणित करू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली. ६० किलो वजनाच्या व्यक्तीस त्यानुसार सुमारे ५० ग्रॅम प्रथिने लागतात. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांमध्ये २,००० उष्मांकांचे आदर्श ताट दिले आहे. त्यात २५० ग्रॅम तृणधान्ये, ८५ ग्रॅम डाळी (मांसाहारींसाठी त्यांतील काही भाग मांस, मासे वा अंडी), ३०० मिलिलिटर दूध अथवा दही, ३५ ग्रॅम सुकामेवा व तेलबिया, ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे येतात. ढोबळमानाने तृणधान्यांतून २५, डाळींतून १९, दुधातून १० आणि शेंगदाण्यासारख्या पदार्थांतून ७, अशी ६१ ग्रॅम प्रथिने मिळतात. दूधही वगळले तर ५१ उरतात. गरज भागते, पण जेमतेम. आता याच ताटातील डाळ ८५ वरून ३० ग्रॅमवर आणून पाहावी. बेरीज ३९ वर येते.

३० ग्रॅम हा आकडा काल्पनिक नाही. देशातील डाळींची दरडोई दैनिक उपलब्धता १९५१ मध्ये ६०.७ ग्रॅम आणि १९६१ मध्ये ६९ ग्रॅम होती. ती २००१ मध्ये ३० ग्रॅमपर्यंत घसरली. पुढे ती काहीशी सावरली, तरी १९६१ ची पातळी पुन्हा गाठता आली नाही.

डाळ कमी झाली की कुटुंब ती उणीव भात वा पोळी वाढवून भरून काढते. पोट भरते, ग्रॅममधील प्रथिनेही बऱ्याच अंशी भरून निघतात. परंतु त्यांचा दर्जा खालावतो. तृणधान्यांच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते, तर डाळींत ते भरपूर असते. डाळींत मेथिओनिन कमी असते, ते तृणधान्ये पुरवतात. वरण-भात, भाकरी-पिठले, राजमा-चावल, खिचडी, तांदूळ व उडीद आंबवून केलेली इडली, ही सारी याच पूरकतेची उदाहरणे होत. पूरक वस्तूंची संकल्पना शिकवताना चहा-साखरेचे उदाहरण देण्याची प्रथा आहे. वरण-भाताचे उदाहरण अधिक पौष्टिक ठरावे.

ही घसरण का झाली? हरितक्रांतीने गहू व भाताला सुधारित बियाणे, सिंचन आणि खात्रीची सरकारी खरेदी दिली. परिणामी कडधान्ये कोरडवाहू जमिनींकडे ढकलली गेली. गव्हाचे हेक्टरी उत्पादन ३५ क्विंटलच्या आसपास पोहोचले असताना कडधान्यांचे सरासरी ९ क्विंटलच्या जवळपास घुटमळत आहे. मुळांवरील गाठींतील जिवाणूंमुळे कडधान्ये हवेतील नत्र जमिनीत स्थिर करतात, म्हणजे पुढील पिकाच्या खताचा खर्च वाचवतात. या बाह्य लाभाचे मोल शेतकऱ्यास बाजारात मिळत नाही. युरियाला मात्र अनुदान मिळते. अरविंद सुब्रमणियन समितीने २०१६ च्या अहवालात नेमका हाच मुद्दा मांडला होता.

किमतींचा अनुभवही बोलका आहे. २०१५ मध्ये तूरडाळ किलोमागे २०० रुपयांच्या घरात गेली. चढ्या भावाने शेतकऱ्यांनी पेरा वाढवला, पाऊसही अनुकूल झाला, आणि कडधान्यांचे उत्पादन २०१५-१६ मधील सुमारे १६३ लाख टनांवरून २०१६-१७ मध्ये २३१ लाख टनांवर गेले. त्यासरशी भाव हमीभावाच्याही खाली कोसळले. कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत अभ्यासणाऱ्यांना याहून चांगले भारतीय उदाहरण क्वचितच मिळेल. महागाईच्या काळात ग्राहक डाळ अजिबात सोडत नाही. तो ती पातळ करतो. विद्यार्थिदशेत वसतिगृहाच्या खानावळीत डाळीचा भाव आम्हांस वर्तमानपत्राआधी वरणाच्या वाटीतून कळत असे. मागणीची लवचीकता पाण्यात मोजता येते, हे तेथे शिकलो.

दुग्धजन्य पदार्थही वर्ज्य करणाऱ्या, म्हणजे व्हीगन आहार घेणाऱ्यांचा वर्ग शहरांत दिसू लागला आहे. अशा पदार्थांसाठी अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०२२ मध्ये स्वतंत्र विनियम व बोधचिन्ह लागू केले. या आहारात ब-१२ जीवनसत्त्वाची तजवीज वेगळी करावी लागते, कारण वनस्पतींपासून ते भरवशाने मिळत नाही. पोषकद्रव्ययुक्त पदार्थ किंवा वैद्यकीय सल्ल्याने गोळ्या हाच मार्ग उरतो. लोहाचा प्रश्न तर सर्वांचाच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) नुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताल्पता आढळली. वनस्पतिजन्य लोह शरीरात कमी शोषले जाते. जेवणात लिंबू वा आवळा घेतल्यास हे शोषण वाढते, जेवणाबरोबर चहा घेतल्यास घटते. कडधान्ये भिजवून मोड आणल्यास त्यांतील शोषणास अडथळा आणणारे फायटेट कमी होते. मटकीला मोड आणण्याची घरगुती रीत या दृष्टीने बिनखर्चाची पोषण योजनाच होय.

आता धोरणाकडे वळू. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ अन्वये प्राधान्य गटातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. डाळीचा हक्क मात्र त्यात नाही. महामारीच्या काळात, एप्रिल ते नोव्हेंबर २०२० या अवधीत, प्रत्येक कुटुंबास दरमहा एक किलो डाळ वा हरभरा दिला गेला. पुढे तो थांबला. काही राज्ये स्वतःच्या खर्चाने डाळ पुरवतात. शालेय आहारात प्राथमिक वर्गांसाठी २० ग्रॅम व उच्च प्राथमिकसाठी ३० ग्रॅम डाळ निश्चित केलेली आहे. अर्थात घरी गरिबाला तांदूळ-गहू फुकट आणि डाळ बाजारभावाने, अशी सापेक्ष किंमत शासनानेच निर्माण केली आहे. ज्याच्या ताटातील प्रथिनांचा मुख्य आधार तृणधान्येच आहेत, त्याला ही रचना आणखी तृणधान्यांकडे झुकवते. माझ्या मते सार्वजनिक वितरण व्यवस्थेतील ही सर्वांत मोठी उणीव आहे. डाळ देणे खर्चिक आहे आणि खरेदी-साठवणुकीची व्यवस्थाही गहू-तांदळाइतकी सक्षम नाही, हा प्रतिवाद खरा आहे. उत्तरात तोही नोंदवावा.

ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने कडधान्यांतील आत्मनिर्भरता अभियानास ११,४४० कोटी रुपयांच्या तरतुदीसह मंजुरी दिली. २०३०-३१ पर्यंत उत्पादन ३५० लाख टनांवर नेण्याचे उद्दिष्ट असून तूर, उडीद व मसूर या तीन पिकांवर भर आहे. नोंदणी केलेल्या शेतकऱ्यांकडून ही तिन्ही पिके चार वर्षे हमीभावाने खरेदी करण्याची त्यात तरतूद आहे. खरेदी झालेली डाळ स्वस्त धान्य दुकानापर्यंत पोहोचेल की केवळ भाव सावरण्यासाठी साठ्यात राहील, याचा निर्णय अभियानाबाहेर, अन्न सुरक्षेच्या धोरणात व्हायचा आहे.